गुडघ्याखाली चार बोटं

आमच्या घरात फुटबॉल आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. सकाळी आई पुढच्या खोलीत पायमशीनवर बसलेली असायची, पपा पेटीचा भाता हलवत रविवारच्या गीताची चाल जुळवत असायचे, स्टोव्हवर चहा उकळत असायचा आणि या सगळ्याच्या मधोमध माझी धाकटी बहीण रूथ लाकडी बाकावर चढून खाली उडी मारायची. ती खाली आली की भिंतीवरच्या मांडणीतली ताटं एकमेकांवर आपटून खणखणत. आई मशीन न थांबवता म्हणायची, "रूथ, हे घर मिशनचं आहे, आपलं नाही. फरशी फुटली तर भरून द्यावी लागेल." गावाबाहेर लष्कराच्या मैदानावर रणगाड्यांचा सराव चाले. त्याचा लांबून धडाम् असा आवाज आला की मांडणी पुन्हा किणकिणायची. तेव्हा पपा पेटीवरून मान न उचलता सांगायचे, "ही रूथ नव्हे. ही सरकारी."

तारा, तू परवा तुमच्या मैदानावरचा व्हिडिओ पाठवलास तो मी पुन्हा पुन्हा पाहिला. खेळायच्या आधी तुमच्या प्रशिक्षक बाई सगळ्या मुलींना उड्या मारायला लावतात, एका पायावर उभं करतात आणि वाकून वाकून प्रत्येकीचे गुडघे पाहतात. तू खाली लिहिलंस, "आजी, हे बोअर आहे, पण करावंच लागतं." मी उलट तुला पुढचा व्यायाम कुठला ते सांगितलं, तर तू विचारलंस, तुला कसं माहीत? त्याचं उत्तर फोनवर मावणार नाही म्हणून लिहायला बसले आहे. मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे हे तुम्हा दोघांना ठाऊक आहेच. नील, तुला फुटबॉल आवडत नसला तरी वाच. यात खाण्याचंही पुष्कळ आहे.

मी तेव्हा पुण्याहून फिजिओथेरपी शिकून नुकतीच घरी आले होते. आमचं गाव म्हणजे नगर. आता नकाशात शोधाल तर अहिल्यानगर सापडेल. फिजिओथेरपी म्हणजे काय हे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. काहींना वाटे मी मालिश शिकून आले. आमच्या चर्चच्या पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांची पत्नी, भेटल्या तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन हळहळत विचारलं, "म्हणजे विजू, डॉक्टर होता होता राहिलीस का गं?" हॉस्पिटलात मला जागा मिळणार होती, पण माझ्या विभागाची खोली अजून बांधून व्हायची होती. तोवर मी घरी होते. आईला शिवणाच्या काजांना मदत करायची, संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन पुण्यातल्या मैत्रिणींशी चटकन बोलून यायचं आणि उरलेला वेळ रूथची बडबड ऐकायची, एवढंच काम होतं. रूथ सोळा वर्षांची होती आणि तिच्या बडबडीत फुटबॉल सोडून दुसरं काही नव्हतं.

लष्कर आणि मिशनच्या शाळा, या दोन्हींमुळे नगरला फुटबॉल फार जुना. मुलगे तर मिळेल त्या पटांगणात खेळत. मुलींचा संघ मात्र नवा होता. आमच्या शाळेने तो काढला तेव्हा लोक नुसतं बघायलाही येत. आईला तो पहिल्यापासून आवडला नव्हता, आणि आदल्या वर्षी सुनीताचं झालं तेव्हापासून तर तिने नावच टाकलं होतं. सुनीता संघाची कॅप्टन, हरणासारखी पळणारी मुलगी. कुणाचा धक्का लागला नाही, कुणी पाय घातला नाही, एकटीच उडी मारून खाली आली आणि गुडघा आतल्या आत गेला. नंतर ती चर्चच्या पायऱ्या उतरायची तेव्हा कठड्याला धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरायची. आई दर रविवारी ते पाहायची आणि घरी येऊन भाकरी थापता थापता म्हणायची, "मुलीचा पाय म्हणजे काय टेबलाचा पाय आहे, मोडला तर सुताराकडून नवा बसवून घ्यायला?"

सुनीतासारखे गुडघे मी पुण्याच्या वॉर्डात पाहिले होते. गुडघ्याच्या आत दोन मजबूत दोर असतात, एकमेकांवरून फुली मारल्यासारखे. उडीवरून खाली येताना किंवा पळता पळता एकदम वळताना गुडघा आतल्या बाजूला झुकला आणि पिळला गेला, की पुढचा दोर तुटतो. आमच्या पुस्तकांत तुटल्यावर काय करायचं याची प्रकरणंच्या प्रकरणं होती. तुटू नये म्हणून काय करायचं यावर जेमतेम काही ओळी. पण माझ्या मनाने एवढं घेतलं होतं की खाली कसं यायचं हे शिकवता येत असणार. चालायला शिकवतो, पोहायला शिकवतो, मग उतरायला का नाही? गुडघे वाकवून, मऊ उतरायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा, मांडीच्या मागचे स्नायू बळकट करायचे, एका पायावर तोल सांभाळायचा. हे सगळं मी एका संध्याकाळी आईला समजावून सांगितलं. रूथ दाराआड उभी राहून ऐकत होती, तिचा परकर खालून दिसत होता.

आईने ऐकून घेतलं आणि दोरा दातांनी तोडला. "बरं. एवढं शिकून आलीस तर हिचा गुडघा तुझ्या जबाबदारीवर. या वर्षी खेळू दे. पण गुडघ्याला काही झालं, तर फुटबॉल बंद. कायमचा. आणि मग दोघींपैकी कुणी माझ्याशी वाद घालायचा नाही."

दाराआडून रूथ म्हणाली, "कबूल."

"तुला कुणी विचारलं?" आई म्हणाली.

संघाला शिकवायला जाधव सर होते. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे पाथर्डीकडचे. मुली त्यांना फौजी सर म्हणत. त्यांचा सगळा विश्वास बेडूकउड्यांवर होता. सराव चांगला झाला की बक्षीस म्हणून बेडूकउड्या, वाईट झाला की शिक्षा म्हणून बेडूकउड्या. मी जरा भीतभीतच त्यांच्याकडे गेले. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून बुटांना पॉलिश करत होते.

"ताई, पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आमच्या पलटनीत लई पोरं बेडूकउड्या मारून पैलवान झाली."

"आणि त्यांचे गुडघे, सर?"

"गुडघे व्हय?" त्यांनी बूट खाली ठेवला. "गुडघे दुखत्यात. पन ते समद्यांचेच दुखत्यात."

"तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसता का अजून?"

ते खुर्चीत जरासे हलले. मग हसले. "बाई, तुमी वकील व्हायला पायजे हुतं. घ्या, सरावाच्या आधी पोरी तुमच्या. चहा उकळंस्तोवर. त्याच्यापुढं माझ्या."

पावसाने मैदान चिखलाचं झालेलं, म्हणून आम्ही चर्चचा हॉल मागून घेतला. तिथे शहाबादी फरशी होती, बाक भिंतीला सरकवता येत होते आणि पपांची पेटी होती. पपा शाळेत संगीत शिकवत आणि चर्चची गायकमंडळी त्यांच्याच हाताखाली. त्यांचा कान इतका तयार होता की फाटकातून कोण आलं हे ते चपलेवरून सांगत. मुलींच्या उड्यांच्या वेळी ते पेटीपाशी डोळे मिटून बसायचे. मुली एकामागून एक बाकावरून उतरत आणि पपा डोळे न उघडता सांगत, "तिसरी मुलगी डाव्या पायावर जड." तिसरी मुलगी म्हणजे मंगल, आमची गोलकीपर. पाथर्डीची, शाळेच्या बोर्डिंगात राहणारी, उंच आणि दणकट. ती वैतागून म्हणायची, "सर, डोळे मिटूनशान कसं काय दिसतंय तुमाला?"

"दिसत नाही, मंगल. ऐकू येतेस. मांजर भिंतीवरून उतरतं ते कधी ऐकलंयस?"

"मांजराला बूट नसत्यात सर."

एका पायावर उभं राहण्याचा व्यायाम तर पपांच्या हातातच होता. कुणाकडे सेकंदकाट्याचं घड्याळ नव्हतं, म्हणून एक कडवं उजव्या पायावर आणि एक डाव्या पायावर असा नियम ठरला. पपा गीताचं ध्रुपद चांगलं जमलं की रंगात येऊन ते पुन्हा घेत. मुली बगळ्यांसारख्या उभ्या, पाय थरथरताहेत, आणि पपा डोळे मिटून आळवताहेत. रूथ ओरडायची, "पपा, देवाने ऐकलं, आता संपवा." मग जोडी जोडीने मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. एकीने गुडघ्यांवर उभं राहायचं, दुसरीने तिचे घोटे धरायचे आणि पहिलीने ताठ राहून हळूहळू पुढे झुकायचं, जमेल तितका वेळ न पडता. सगळ्या शेवटी नाकावर पडत आणि हॉलभर हसत. फौजी सर दारात चहाचा कप घेऊन उभे राहत आणि म्हणत, "पडा, पडा. हितंच पडून घ्या. मैदानात पडू नका." सराव संपला की या सगळ्या आमच्या घरी. फुटबॉल न आवडणारी आई त्यांच्यासाठी हुलग्याच्या शेंगोळ्यांचं मोठं पातेलं चढवून ठेवायची. लसणाच्या फोडणीचा वास फाटकापर्यंत यायचा. ती वाढताना बजावायची, "हे मी खेळासाठी करत नाही. भुकेल्या पोरी दिसतात म्हणून करते."

आता त्या पँटींबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथे अडलं. संघ निघाला तेव्हा फौजी सरांनी कँटोन्मेंटच्या दुकानातून मुलींसाठी हाफ पँटी आणल्या होत्या. त्यावरून शाळेत, बोर्डिंगात आणि चर्चमध्ये इतकं वादळ उठलं की संघ तिथेच बुडाला असता. तोडगा काढला आईने. ती शाळेत शिवण शिकवायची. तिने निळ्या जाड कापडाची, चुण्या घातलेली, गुडघ्याखाली चार बोटं येणारी ढगळ पँट बेतली. पाळकबाईंनी ती आधी स्वतःच्या हाताने मापून पाहिली, मग संमती दिली. इतर शाळांचे मुलगे आमच्या मुलींना पायजमा इलेव्हन म्हणून चिडवत, पण खेळायला मिळतंय म्हटल्यावर मुलींना त्याचं काही नव्हतं. आईला तर त्या पँटींचा अभिमान होता. चालताना त्या झालरीसारख्या हलत आणि त्यांच्या आत गुडघे कुठे आहेत याचा बाहेरून पत्ता लागत नसे.

तुमच्या प्रशिक्षक बाई वाकून गुडघे पाहतात ना? आम्हाला पाहायला गुडघेच नव्हते. मी उतरण्याचा आवाज ऐकत होते, पाठ पाहत होते, हात पाहत होते. पपा आवाज ऐकत होते. आणि आवाज दिवसेंदिवस कमी होत गेला. दसऱ्यापर्यंत तर सगळा संघ बाकावरून असा उतरायचा की फरशीला कळू नये. घरच्या मांडणीतली ताटंही गप्प झाली. पपा म्हणाले, "विजू, आता यांना गायकमंडळीत घ्यायला हरकत नाही." आम्ही सगळेच खूश होतो.

मग नेवाशाच्या शाळेशी मैत्रीचा सामना झाला. रूथने हेडरसाठी उंच उडी मारली, चेंडू तिला लागलाही, आणि ती खाली आली ती गुडघा धरूनच बसली. मी धावले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, आईला सांगू नको," एवढंच ती म्हणाली. आई मैदानाच्या कडेला उभी होती. सांगायचं काही राहिलंच नव्हतं.

दोर तुटला नव्हता. हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, मीही तपासलं. मुरगळ होती, सूज होती, विश्रांती घेतली की बरी होणार होती. पण आईचा शब्द होता. तिने रूथचे बूट धुतले, वाळवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. रागावली नाही, आवाज चढवला नाही. त्यामुळे तर वाद घालायला जागाच उरली नाही. रूथ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायची. पपा पेटीवर बसायचे आणि न वाजवता उठायचे. नाताळचे दिवस जवळ येत होते, आई करंज्यांचं सारण भाजत होती, शेजारणी नानकटाईचं पीठ डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीत भाजायला नेत होत्या, गल्लीभर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास, आणि आमच्या घरात मात्र जो तो चमचे हळू ठेवत होता.

सूज उतरल्यावर मी रूथला व्यायाम द्यायला लागले. खेळण्यासाठी नव्हे, नीट चालता यावं म्हणून. पपा शाळेत गेलेले, घरात आम्ही तिघीच. रूथने परकर वर खोचला, भिंतीला बोट टेकवलं आणि दुखऱ्या पायावर उभं राहून हळूच गुडघा वाकवला. गुडघा सरळ पुढे आलाच नाही. तो आत वळला, बिजागरी सैल झालेल्या फाटकासारखा. मी तिला दुसरा पाय करायला सांगितलं. तोही तसाच. मग मी तिला तिच्या नेहमीच्या पद्धतीने खालच्या पाटावरून हळूच उतरून दाखवायला सांगितलं. आवाज शून्य. पण ती चवड्यांवर, पाय जवळजवळ ताठ ठेवून उतरली होती आणि दोन्ही गुडघे एकमेकांशी कुजबुजायला आल्यासारखे जवळ आले होते.

"तू नेहमी अशीच उतरतेस?" मी विचारलं.

"हो. अशी उतरली की पपांना ऐकू येत नाही. मंगलनेच काढली ही युक्ती. सगळ्या अशाच उतरतात."

मी खाटेवर बसले. आई हळदीचा लेप घेऊन आत आली होती आणि वाटी हातात धरून तशीच उभी होती. ती रूथच्या पायांकडे पाहत होती, कापड बेतताना पाहते तशी, एक डोळा बारीक करून.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

रूथने पुन्हा गुडघा वाकवला.

"तिरपं जातंय," आई म्हणाली. "विजू, हे असं जायला नको ना?"

"नको. गुडघा पायाच्या मधल्या बोटांवर यायला हवा."

आईने वाटी खाली ठेवली, मशीनच्या खणातला शिवणाचा खडू आणला आणि रूथच्या पुढ्यात बसली. मांडीवरून गुडघ्याच्या मधोमध, नडगीवरून खाली मधल्या बोटापर्यंत तिने एकच रेघ ओढली. रूथला गुदगुल्या झाल्या. "हलू नको. आता वाकव. रेघ मोडली नाही पाहिजे." रेघ मोडली. "पुन्हा." पुन्हा मोडली. करंज्यांचं सारण थंड झालं, दुधवाला हाक मारून गेला, आणि या दोघी रेघ मोडतेय का ते पाहत राहिल्या. शेवटी एकदा रूथ घाम पुसत वाकली तेव्हा गुडघा सरळ पुढे आला, खडूची रेघ वाकली पण तुटली नाही. आईने दुसऱ्या पायावर रेघ ओढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या संघाला घरी बोलावलं. पुढच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि पपांना पेटीसकट व्हरांड्यात काढलं. मुलींनी पँटी गुडघ्यांच्या वर गुंडाळल्या आणि ओळीने पाटावरून उतरल्या. अकराच्या अकरा जणी चवड्यांवर, ताठ, गुडघे आत. मला हसावं की रडावं कळेना.

"अगं, तुम्हाला मऊ उतरायला सांगितलं होतं मी," मी म्हटलं.

मंगल म्हणाली, "ताई, सरांना आवाज नगं हुता. आमी आवाज बंद केला. आमाला काय म्हाईत, आत गुडघं काय करत्यात."

व्हरांड्यातून पपांचा आवाज आला, "मला काहीच ऐकू येत नाहीये!"

"तेच तर, पपा," मी म्हटलं, "तेच तर चुकत होतं."

तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत रोज खडू उडायला लागला. आई एकेकीच्या पायावर रेघ ओढायची आणि ओळीपुढे पाटावर बसून फक्त गुडघे पाहायची. "शबाना, उजवा तिरपा. मंगल, बस खाली, खुर्चीत बसल्यासारखी बस, लाजतेस काय. पार्श्वभाग मागे." पाय वाकवून उतरलं की थोडा आवाज होतोच. मांडणी पुन्हा किणकिणू लागली आणि आईने ताटं काढून खोक्यात भरली. फौजी सर एकदा चहाला आले आणि व्हरांड्यातून पडद्याकडे पाहत म्हणाले, "आत काय चाललंय कळंना, पन पोरी मैदानात वळत्यात लई झ्याक." बेडूकउड्या त्यांनी बंद केल्या. कधी केल्या ते कुणाला सांगितलं नाही.

रूथचा गुडघा पूर्ण बरा झाला. तरी बूट माळ्यावरच होते. जिल्ह्याचा सामना नगरलाच व्हायचा होता, राहुरीच्या संघाशी, नाताळच्या अलीकडे. रूथ रोज मुलींबरोबर रेघेवर उतरायची आणि त्या मैदानावर गेल्या की घरात बसून करंज्यांना कातण फिरवायची. तोंडाने एकदाही विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं. आई म्हणाली, "इथे गुडघा मला दिसतो. तिथे ती पँट घातली की पुन्हा कुणाला काय दिसणार? मी काय पाहत उभी राहू?"

असं म्हणून ती स्वतःच थांबली. मग उठली, कपाटातून धुऊन घडी केलेल्या सगळ्या निळ्या पँटी काढल्या आणि मशीनवर ठेवल्या. एकीची शिवण उसवली आणि कात्री लावली. अकरा पँटींची खालची पट्टी जमिनीवर पडत होती तेवढ्यात पाळकबाई आल्या, नानकटाईचा डबा घेऊन.

"सलाम, सुशीलाबाई. हे काय?"

"सलाम. पँटी आखूड करतेय. गुडघ्याच्या वर तीन बोटं."

पाळकबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. "चर्चच्या मंडळीत लोक बोलतील हो."

"बोलू द्यात," आई म्हणाली. "गुडघा दिसला म्हणून कुणाचं काही मोडत नाही. दिसत नव्हता म्हणून माझी मुलगी खाटेवर पडली, आणि सुनीताला तुम्ही दर रविवारी पाहताच."

सुनीताच्या आईशेजारी पाळकबाई दर रविवारी बसत. मग त्यांनी डबा बाजूला ठेवला, एक पँट उचलली, स्वतःच्या गुडघ्यावर धरून पाहिली आणि बोटं ठेवून मापली. "वर दोनच बोटं घ्या," त्या म्हणाल्या. "एवढ्यात भागत असेल तर तीन कशाला? आणि टाचण्या इकडे द्या, मी टाचते."

संध्याकाळी रूथ घरी आली तेव्हा तिचे बूट दारात होते. वर्तमानपत्र काढलेलं, नाड्या नव्या.

सामन्याच्या दिवशी आई मैदानाच्या अगदी कडेला, पांढऱ्या रेघेला खेटून उभी राहिली. पपा मागे बाकावर बसले होते आणि कडेचे मुलगे आखूड पँटी पाहून शिट्ट्या मारत होते, मग फौजी सर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिल्यावर गप्प बसले. मी गोल पाहत होते, चेंडू पाहत होते. आईला चेंडूशी काही देणंघेणं नव्हतं. तो कुठेही असला तरी तिची नजर गुडघ्यांच्या उंचीवर एका सरळ रेषेत फिरत होती. उत्तरार्धात कॉर्नर मिळाला. रूथ धावत आली, उडाली, राहुरीच्या मुलीला खांदा लागून हवेतच थोडी तिरपी झाली आणि एका पायावर खाली आली. आईने माझं मनगट घट्ट धरलं. रूथ खाली बसल्यासारखी वाकली, गुडघा बोटांवर सरळ राहिला, दुसरा पाय टेकला आणि ती पुन्हा चेंडूमागे पळाली. कुणी टाळी वाजवली नाही, कारण हेडर बारवरून गेला होता. आईने माझं मनगट सोडलं. तिथे तिच्या बोटांच्या खुणा उमटल्या होत्या.

थोड्या वेळाने राहुरीची एक मुलगी, लांब पायांची, त्यांची सगळ्यात चपळ, आमच्यासमोर उडी मारून उतरली आणि तिचा गुडघा आत झुकला. काही झालं नाही, ती पळून गेली. पण आई पांढऱ्या रेघेच्या आत एक पाऊल टाकून म्हणाली, "ए पोरी, गुडघा बाहेर. बाहेर घे."

राहुरीच्या शिक्षिका रागावून आल्या. "बाई, तुम्ही आमच्या मुलीला का ओरडताय?"

"ओरडत नाही हो. मोडेल तो. सामना संपला की तिला माझ्याकडे पाठवा."

सामना संपला. शाळेच्या पायरीवर गरम शेंगोळे आणि करंज्या मांडल्या होत्या, दोन्ही संघांसाठी. राहुरीच्या मुली आधी नुसत्या कुतूहलाने जमल्या. आईने पिशवीतून खडू काढला, त्या लांब पायांच्या मुलीला पायरीवर उभं केलं आणि तिच्या पायावर रेघ ओढली. मग दुसरी म्हणाली, मला पण. मग तिसरी. आमच्या मुलींनी त्यांना पायरीवरून उतरून दाखवलं, मंगल मोठ्या अधिकाराने सांगत होती, "आवाज झाला तर हू दे, रेघ बघ." राहुरीहून मुलींना घेऊन आलेला टेम्पो फाटकात हॉर्न वाजवत होता. त्यांच्या शिक्षिका हातात करंजी घेऊन आईशेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि खडू कुठल्या दुकानातला ते विचारत होत्या.

आम्ही दोन गोलांनी हरलो होतो. आईला ते रात्री जेवताना पपांनी सांगितलं तेव्हा कळलं.